शोकाचे तारतम्य

एका मृत्यूने माणूस हेलावतो आणि तितक्याच खऱ्या दुसऱ्या मृत्यूची बातमी वाचून पान उलटतो. या भेदाला येथे शोकाचे तारतम्य म्हटले आहे. मृताशी असलेले नाते, त्याचे नाव, मृत्यूचे कारण आणि मृतांची संख्या यांवर ते ठरते. माणूस आधी आणि जनावर नंतर, असा साधा क्रम त्यात आढळत नाही.

विदर्भातील याचे सर्वांत बोलके उदाहरण टी-१ वाघिणीचे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या १३ मृत्यूंशी वन विभागाने तिचा संबंध जोडला; त्यांतील काही मृत्यूंबाबत प्राणिमित्रांना तो मान्य नव्हता. सप्टेंबर २०१८ मध्ये तिला ठार करण्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी परिसरात तिला गोळी घालण्यात आली. शवविच्छेदन नागपुरात, गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात झाले. मुंबईसह अनेक शहरांत निषेधाचे मोर्चे निघाले. तत्कालीन केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यावर उघड टीका केली. त्याच वेळी पांढरकवडा भागातल्या गावांत फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. ज्यांच्यासाठी कापूस वेचायला किंवा गुरे चारायला जाणे हेच संकट होऊन बसले होते, त्यांच्या या आनंदाला क्रौर्य म्हणणे घाईचे ठरेल.

शहरांनी तिला ‘अवनी’ म्हटले. गावाला तिचे नाव नको होते, ठावठिकाणा हवा होता. नावाचा प्रभाव किती, हे तिच्याच मादी बछड्यावरून दिसते. डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंच व्याघ्र प्रकल्पात वाढवलेल्या या वाघिणीला ‘पीटीआरएफ-८४’ एवढीच ओळख होती. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडले आणि काही दिवसांतच ती जखमी होऊन मेली. बातम्या आल्या, आईसाठी निघाले तसे मोर्चे मात्र निघाले नाहीत.

एका ओळखीच्या जिवासाठी माणूस जेवढे करायला तयार होतो, तेवढे आकड्यातल्या जिवांसाठी करत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्ये मांडले. पुढे मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी संख्या वाढत जाते तशी संवेदना बोथट होते, असे दाखवले. नागपूरला त्यासाठी लांब जावे लागत नाही. बर्ड फ्लूमुळे २०२४ च्या मार्चमध्ये शहरातील शासकीय कुक्कुट केंद्रात हजारो कोंबड्या नष्ट केल्या, तेव्हा चर्चा अंडी-चिकन खावे की नाही याची झाली. वर्ष संपता संपता त्याच रोगाने गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला, तेव्हा हळहळ व्यक्त झाली.

धर्मशास्त्राने हे तारतम्य दिवसांत मोजले. सपिंडांचे सूतक दहा दिवस, विवाहित मुलीला आईवडिलांचे तीन; दात येण्यापूर्वी मूल गेले तर सूतक जवळजवळ लगेच फिटते. त्या आईचा शोक कोणत्या कोष्टकात बसवायचा, याचे उत्तर तेथे नाही. जनावराचे सूतक नसते. पण पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली, नावाने हाक मारून जुंपला, तो बैल गेल्यावर चूल पेटत नाही, अशी शेतकऱ्यांची घरे विदर्भात आहेत. अशा समाजमान्यता नसलेल्या दुःखाचा सविस्तर विचार शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केला.

नागपूरच्या दक्षिणेस, कालपरवापर्यंत गाव असलेले बेसा आज सदनिकांनी भरले आहे. मागे शेती ठेवून आलेले कुटुंब आणि घरात कुत्रा पाळणारे कुटुंब तेथे एकाच जिन्याने ये-जा करू शकतात. अशा शेजारात वाद बहुधा ‘वाघिणीसाठी रडता, शेतकऱ्यासाठी का नाही?’ या प्रश्नापाशी अडतो. तो विचारणारा पुष्कळदा शेतकऱ्यासाठीही रडलेला नसतो.

शोक-आनंदाचा हा झगडा कोर्टातही गेला. टी-१ च्या मृत्यूनंतर झालेल्या जल्लोषावरून अधिकाऱ्यांविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाची याचिका दाखल झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने गावकऱ्यांच्या जल्लोषासाठी अधिकाऱ्यांना जबाबदार धरण्यास अनुकूलता दाखवली नाही आणि याचिका मागे घेण्यात आली.