दोन मारुती

परवा मुरबाडहून शहापूरला मावशीकडे गेलो, नवा राउटर बसवायला. रात्री तिला नातवाशी बोलायचं होतं. दिवे सगळे हिरवे, मोबाइलवर वायफायही दिसतंय, पण एक पान उघडेल तर शपथ! "जुनाच बरा होता रे," मावशी.

तासाभराने दिसलं, जुन्या मॉडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि नव्या राउटरचाही तोच.

याचं मूळ १९९६ सालात. इंटरनेटचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे साधारण ४३० कोटी. ते पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसत होतं. (आपल्याकडे विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांना खुलं केलं ते आदल्याच वर्षी, १५ ऑगस्टला.) म्हणून फेब्रुवारीत 'आरएफसी १९१८' निघाला आणि काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवले गेले. घरात कोणीही वापरा, बाहेर चालणार नाहीत. आपल्याकडे गावोगाव 'मारुतीच्या देवळामागे' एवढा पत्ता पुरतो, तसंच. पण एकाच गावात दोन मारुती निघाले की पोस्टमनची पंचाईत! राउटरचं तेच झालं होतं, आतलं कुठलं नि बाहेरचं कुठलं, त्याला कळेना.

जागतिक साठ्यातले पत्ते ३ फेब्रुवारी २०११ ला संपले. असो.

नव्याला १९२.१६८.२.१ दिला, बंद करून चालू केला. नऊ वाजता नातू दिसला. मावशीने मला चहासुद्धा विचारला नाही!