नाताळच्या ताटाची कुळकथा

गंगापुरात आमच्या घरी २४ डिसेंबरची दुपार करंज्यांनी सुरू होते. पारी लाटायची, मधोमध खोबरं, खसखस आणि पिठीसाखरेचं सारण ठेवायचं, कडेला दुधाचं बोट फिरवून दुमडायचं आणि मग कातणं अर्धगोल फिरवायचं. कापून निघालेली नागमोडी कड पोरं पळवतात आणि तळून मागतात. सारण जास्त झालं की करंजी तेलात फुटते आणि सगळं तेल खराब होतं, म्हणून भरायचं काम घरातल्या जाणत्या बाईकडेच असतं. दारात कंदील लागलेला असतो. तो चांदणीच्या आकाराचा नसता, तर ही दिवाळीचीच तयारी वाटली असती.

ताटातले पदार्थ इथले असले, तरी सणाचं नाव समुद्रावरून आलेलं आहे. लॅटिनमध्ये ‘नातालिस’ म्हणजे जन्मासंबंधीचा. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून रोममधल्या चौथ्या शतकातल्या नोंदीत सापडतो. ‘नातालिस’चं इटालियन ‘नाताले’ झालं, फ्रेंचांच्या तोंडी झिजून ‘नोएल’ झालं आणि पोर्तुगीजांनी ‘नाताल’ केलं. १४९७च्या नाताळात वास्को द गामाची जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरून जात होती, म्हणून त्या किनाऱ्याला त्याने तेच नाव दिलं. पुढे मे १४९८मध्ये तो कालिकतला पोचला. गांधीजींच्या चरित्रात ‘नाताळ इंडियन काँग्रेस’ वाचताना लहानपणी मला कोडं पडायचं, की सणाच्या नावाची काँग्रेस कशी? ते नाव सणाचंच होतं, हे फार उशिरा कळलं.

पोर्तुगीज गोव्यात १५१०मध्ये आले, वसई त्यांच्याकडे १५३४ ते १७३९ होती. पाद्री, पाव, पगार, चावी हे शब्द मराठीला त्यांच्याकडूनच मिळाले. त्याच वाटेने ‘नाताल’ आला आणि मराठीने त्याच्या शेवटच्या ‘ल’चा ‘ळ’ केला. सकाळ, आभाळ, सुकाळ यांच्या रांगेत तो असा बसला, की आज कुणाला परका वाटत नाही. माझ्या मते मराठीने एखादा शब्द आपला केल्याची याहून चांगली खूण नाही.

गंगापूर मात्र निजामाच्या मुलखातलं. पोर्तुगीजांचं राज्य इथे कधीच नव्हतं. इथे ख्रिस्ती धर्म आणला तो दुसऱ्यांनी. अमेरिकन मराठी मिशन १८३१मध्ये अहमदनगरला आलं आणि पुढे नेवासे भागात वडाळ्याला त्याचं ठाणं झालं. नगरकडून येताना प्रवरासंगमला गोदावरी ओलांडली, की पहिलं गाव कायगाव, म्हणजे गंगापूर तालुका. शेजारच्या वैजापूर तालुक्यात घोगरगावला फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू आले. त्यांतल्या फादर गुरियन जाकिये यांचं नाव इथले लोक आजही भक्तीने घेतात. त्यांच्या मायभाषेत हा सण ‘नोएल’, ज्यांच्यात ते राहिले त्यांच्या तोंडी ‘नाताळ’. एकाच मुळाच्या दोन फांद्या, हजारो कोसांचं अंतर कापून घोगरगावात भेटल्या. कॅथलिक घरांत अजून ‘मिस्सा’ म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्द. प्रॉटेस्टंट घरांत ‘उपासना’ म्हणतात.

आता ताटाकडे येऊ. विलायतेत भाजलेला पक्षी आणि प्लम पुडिंग, गोव्यात बेबिंका, दोदोल आणि नेवऱ्या. आमच्या आज्यांच्या घरी भट्टी नव्हती, मातीची चूल होती. त्यांना सणाचं म्हणून जे करता येत होतं, ते त्यांनी केलं: करंजी, चकली, शंकरपाळी, लाडू. यांतल्या शंकरपाळीचंही कूळ दूरचं आहे, फारसीतल्या ‘शकरपारा’पर्यंत जाणारं. नानकटाईसाठी रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत नेतात. भट्टीवाला मुसलमान. ईदला त्याच्या घरचे ट्रे ज्या भट्टीत जातात, तिच्यातच आमचेही जातात, आणि प्रत्येक ट्रेवर घरमालकाच्या नावाची चिठ्ठी असते. जेवणाला मटणाचा काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजरीची भाकरी, भात. केक अलीकडचा, आणि तो मुलांसाठी.

पण पदार्थांपेक्षा मला मोठी वाटते ती पंगत. इथले पहिले ख्रिस्ती बहुतेक महार आणि मांग समाजातले. गावजेवणात त्यांना वेगळं आणि शेवटी वाढलं जाई, आणि या दोन समाजांतही आपसात रोटीव्यवहार नव्हता. चर्चमध्ये एकत्र बसणं त्या मानाने सोपं. एका ओळीत जेवणं ही खरी परीक्षा होती. ती किती कठीण होती हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसतं. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले, त्यानंतरही लक्ष्मीबाई कितीतरी दिवस आपलं सोवळं आणि वेगळं पाणी सांभाळून होत्या. मग एका टप्प्यावर त्यांनी स्वतः विचार करून कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं, तेही बाप्तिस्मा घेण्याआधी. जेवणाच्या ताटापाशी जात सोडायला किती बळ लागतं, हे इतक्या प्रांजळपणे मराठीत क्वचितच कुणी लिहिलं असेल.

चर्चमधल्या सामुदायिक जेवणाला आमच्याकडे ‘प्रीतिभोजन’ म्हणतात. जुन्या मंडळींना तो शब्द नुसता छान वाटत नव्हता, तो त्यांनी कमावला होता. म्हणून घरी नाताळचं जेवण घालताना आम्ही टेबल-खुर्च्या मांडत नाही. सतरंजी अंथरतो आणि जो ज्या क्रमाने येईल तो त्या क्रमाने बसतो. ऊसतोडीला गेलेली घरं एका रात्रीसाठी परतली, तर त्यांना आधी वाढतो, कारण पहाटे त्यांना फडावर पोचायचं असतं.

तुम्हालाही कुणी नाताळचं आमंत्रण दिलं, तर मोबाइलवर शुभेच्छा पाठवून थांबू नका. जेवायला जा, भूक ठेवून जा. आमच्याकडे दिवाळीत शेजारून फराळाचं ताट येतं. ते रिकामं परत देत नाहीत, २५ डिसेंबरला भरून पाठवतात.