लामतुरे संग्रह, तेर

महाराष्ट्रातील धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंत उस्मानाबाद जिल्हा) तेरणा नदीच्या काठी वसलेल्या तेर या गावातील पुरावस्तूंचा प्रसिद्ध संग्रह. गावातील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी तो हौसेने जमविला. पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन करण्यात आला आणि तेथे त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय झाले. सातवाहनकालीन मृत्पात्रे, भाजक्या मातीच्या व केओलीनच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी व एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती यांमुळे दख्खनच्या प्राचीन व्यापाराच्या अभ्यासात या संग्रहाला मोठे स्थान आहे. तथापि त्यातील वस्तूंचा काल ठरविताना एक मूलभूत अडचण येते.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले असून, तेथून साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोचला जात असे, अशी नोंद आहे. टॉलेमीलाही हे नगर माहीत होते. शिलाहार राजे तर पुढे कित्येक शतके ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत राहिले. एकोणिसाव्या शतकात तगर म्हणून देवगिरी, जुन्नर अशी निरनिराळी स्थळे सुचविली गेली, जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते तेरच असल्याचे प्रतिपादन केले व ते आता सर्वमान्य आहे. संत गोरा कुंभार याच गावचे. तेरचा पूर्वेतिहास बव्हंशी मातीच्या भांड्यांतूनच उलगडावा, हा योगायोग मोठा गोड म्हटला पाहिजे.

प्राचीन वस्तीच्या टेकाडाला मराठवाड्यात पांढरी म्हणतात. तिची माती भिंतींसाठी व धाब्यांसाठी खणून नेण्याची चाल जुनी आहे. पावसाने उरलेली माती धुपली, की मणी, नाणी, खापरे उघडी पडतात. अशा टेकाडांवरून व शेतांतून मिळालेल्या वस्तूंनी लामतुरे यांचा संग्रह वाढत गेला. त्यांनी त्या जपल्या नसत्या, तर कित्येक वस्तू भिंतींच्या चिखलात तरी गेल्या असत्या किंवा विक्रेत्यांच्या हाती तरी. लामतुरे यांचे हे ऋण मान्य करूनच पुढील विवेचन केले पाहिजे.

पात्रे जमविणाऱ्याचा पहिला प्रश्न ती कोणी, कोठे व केव्हा घडविली हा असतो. जपानी फुलदाण्यांच्या संग्राहकाला त्याचे उत्तर शोधण्यास पात्राचा तळ उपयोगी पडतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या जपानी कलावस्तू आहेत. तेर ज्या संस्थानात मोडत असे, त्या हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही जपानी पात्रे आहेत. सत्सुमा पद्धतीच्या फुलदाणीवर मलईसारख्या पिवळसर झिलईत बारीक तडांचे जाळे असते व वर सोनेरी चित्रण. तळाशी पुष्कळदा कारागिराचे वा कारखान्याचे नाव असते. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. तेव्हापासून १९२१ पर्यंत त्या देशासाठी बनलेल्या पात्रांवर ‘निप्पॉन’ व पुढे ‘जपान’ हा शब्द येतो. अर्थात तळही खोटे बोलतो. आरिता येथील कुंभारांनी पंधराव्या शतकातील चिनी सम्राटाची राजमुद्रा आपल्या पात्रांवर सर्रास काढली, आणि सत्सुमाच्या शिमाझू घराण्याचे वर्तुळातील क्रूसाचे चिन्ह सत्सुमाशी संबंध नसलेल्या मालावरही आढळते.

तेरच्या घटाला असा लेखी तळ नाही. तो ज्या थरात सापडला, तो थर हीच त्याची जन्मनोंद. वस्तू उचलली की ती नोंद पुसली जाते व मागून कितीही विद्वत्ता खर्च केली, तरी ती परत लिहिता येत नाही.

हस्तिदंती मूर्तीच्या बाबतीत हे विशेष जाणवते. पाँपेई येथे १९३८ मध्ये अशीच एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेने ते नगर गाडले गेले. म्हणून ती त्यापूर्वीची, हे निर्विवाद. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७३ मधील उत्खननात मिळालेल्या मूर्तीलाही थराचा आधार आहे. तेरची मूर्ती मात्र या दोहोंशी असलेल्या साम्यावरूनच कालबद्ध करावी लागते. साम्यावरून पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी, असे अनेकांनी मानले; परंतु तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर असल्याने काही अभ्यासक वायव्य भारताकडे बोट दाखवितात. येथेही तळावरची एक खूण साऱ्या शैलीचर्चेला अडवून धरते.

खापरांविषयी सावधगिरी अधिकच हवी. चक्रांकित नक्षीची भांडी मॉर्टिमर व्हीलर यांनी आरिकमेडूच्या उत्खननानंतर भूमध्यसागरी आयात मानली होती. पुढे मातीच्या पृथक्करणावरून ती भारतातच घडल्याचे दिसून आले. भारतातील अनेक स्थळी ‘रोमन मद्यकुंभ’ म्हणून नोंदलेली कित्येक खापरे मेसोपोटेमियातील निमुळत्या तळाच्या रांजणांची असल्याचे रॉबर्टा टॉम्बर यांनी २००७ मध्ये दाखविले. थराची नोंद नसलेल्या खापरांना अशा दुरुस्त्या लागू करणे अतिशय कठीण असते.

तेर येथे चापेकर यांनी १९५८ मध्ये उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतरच्या उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. या उत्खननांतील थरवार खापरांशी ताडून संग्रहातील पात्रांचा काल स्थूलमानाने सांगता येतो. १९७२ च्या पुरावस्तूविषयक अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, मग ती तेरची असो की जपानची, खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत मिळालेला निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन १८७८ पासूनच आहे. त्या कळविण्यात वस्तू कोणत्या शेतात व किती खोलीवर मिळाली हे लिहिले गेले, तर अभ्यासकाच्या दृष्टीने ती नोंद कित्येकदा त्या वस्तूहूनही मोलाची ठरते.