रबाळ्याच्या स्टॉपवरून दिसणारा इतिहास : नवी मुंबईची बंद पडलेली बस

"एनएमएमटी तोट्यात आहे" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचं काहीच वाटत नाही. पण तोट्याचं कारण सांगून या शहराची बस एकदा बंद झाली होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल सुरू झाला. त्याच दशकात सिडकोने बीएमटीसी नावाची स्वतःची बस कंपनी काढली. शहर अजून भरायचं होतं, वस्ती विरळ होती. अशा ठिकाणी बस आधी धावते आणि प्रवासी नंतर येतात, म्हणजे सुरुवातीला तोटा ठरलेलाच. शेवटी १९८४ मध्ये बीएमटीसी बंद पडली. कामगार घरी बसले आणि त्यांच्या देण्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं रेंगाळला.

आता ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रबाळ्याचा विचार करा. एका बाजूला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला गावं आणि वस्ती. लोकल नाही. रबाळे स्टेशनवरून प्रवासी गाडी धावायला २००४ साल उजाडलं. म्हणजे शिफ्टला वेळेवर पोचायचं तर बसच. ती कुणाची? एसटीची, बेस्टची, १९८९ नंतर ठाण्याच्या टीएमटीची. सगळ्या दुसऱ्यांच्या. आपलं शहर, पण बस पाहुण्यांची!

मग चित्र कधी बदललं? १९९२ मध्ये नवी मुंबई महापालिका झाली, १९९५ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि जानेवारी १९९६ मध्ये एनएमएमटी रस्त्यावर आली. हा क्रम नीट बघा. सिडको ही कंपनी. तिच्या संचालकांना आपण निवडून देत नव्हतो. नगरसेवकाला मात्र स्टॉपवर उभी असलेली बाई विचारू शकते, "बस का नाही आली?" मत हातात आल्यावर वर्षभरात शहराला स्वतःची बस मिळाली, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

तोट्याचं म्हणाल तर मुंबईतही बस फक्त तिकिटावर चालली नाही. बेस्टच्या वीज विभागाच्या पैशाने कित्येक वर्षं बसला हात दिला. आपल्याकडे ते काम महापालिकेच्या तिजोरीला करावं लागतं. रस्त्यावरचे दिवे, गटारं, बागा यांचा नफा कुणी विचारत नाही. मग हिशेब फक्त बसचाच का?

आज लोकल आहे, शेअर रिक्षा आहे. तरी स्टेशनपासून आत कंपनीच्या गेटपर्यंत जायचं असतंच. पगार बेताचा असेल तर रोजचं रिक्षाभाडं महिन्याला जड जातं. एखादा मार्ग तोट्यात म्हणून बंद झाला की कागदावर एक ओळ कमी होते, पण रात्रपाळी सुटलेला माणूस पायी निघतो.

२०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात आपल्यालाही विचारायची सवय मोडली. ती पुन्हा लावून घ्या. मत मागायला कुणीही येवो, रस्ते-पाण्यासोबत एक प्रश्न नक्की विचारा : आमच्या मार्गावर दिवसाला किती फेऱ्या, आणि शेवटची बस किती वाजता?

१९८४ मध्ये असं विचारायला आपल्याकडे कुणी नव्हतं. आज आहे.