दिनविशेष : १ जुलै
अकिन्फेयेवचा डावा पाय

२०१८ : मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियमवर फुटबॉल विश्वचषकाच्या बाद फेरीत यजमान रशियाने स्पेनला पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३ असे हरवले. १२० मिनिटांचा खेळ १-१ असा बरोबरीत सुटला होता. रशियाचा कर्णधार आणि गोलरक्षक इगोर अकिन्फेयेवने आधी कोकेचा फटका अडवला. मग उजवीकडे झेपावताना मागे राहिलेल्या डाव्या पायाने त्याने इयागो अस्पासचा फटका परतवला. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर रशिया प्रथमच विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला.

हजाराहून अधिक पास देऊनही स्पेन बाहेर पडला. चेंडू ताब्यात ठेवला की सामनाही हाती येतो, या समजुतीला तो मोठा तडा होता. २०१४च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्ध याच अकिन्फेयेवच्या हातून चेंडू निसटून गोल झाला होता. तरीही संघाने त्याच्यावरचा विश्वास काढून घेतला नाही. खेळाडू दर हंगामात क्लब बदलतात, त्या काळात २००३पासून तो सीएसकेए मॉस्कोकडूनच खेळत आला. गोलरक्षकाची चूक सगळ्यांना दिसते. तिच्यानंतरही त्याला संधी देत राहण्याचे मोल त्या दिवशी रशियाला कळले.