गुडघ्याला रकाना नव्हता : वणीकडच्या 'थांबण्या'चा इतिहास

मागच्या लेखानंतर बराच खंड पडला. कारण सांगते. दिवाळीपासून मी घरी आहे, वणीजवळच्या आमच्या गावी. आईचे दोन्ही गुडघे झिजलेत. एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "बदलावे लागतील." आई म्हणाली, "कापूस घरी येऊ दे, मंग पाहू."

आधी मला राग आला. मग वाटलं, अरे, हाच तर माझ्या प्रबंधाचा विषय आहे! मी शिकते ती श्रमाचा आणि आरोग्याचा इतिहास. आजार, औषध, दवाखाना यांवर भरपूर लिहिलं गेलंय. पण दुखणं कळल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा जो काळ असतो, त्यात माणूस काम कसं करतो, यावर फार थोडं. आजचा लेख त्या मधल्या काळावर.

रकाना नसलेलं दुखणं

आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्या नावाने ओळखला जायचा. इंग्रज कागदांत तो 'वून' असा दिसतो. जिल्ह्याचं ठाणं यवतमाळला, नाव मात्र वणीचं. त्या काळचे सरकारी आरोग्य अहवाल उघडले की मृत्यूंचे ठरावीक रकाने दिसतात: कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात, आणि उरलेलं सगळं 'इतर'.

यात गुडघा कुठे? कुठेच नाही. गुडघ्याने माणूस मरत नाही, आणि सरकार मोजत होतं ते मरण. बाई वीस वर्षं लंगडत शेतात गेली आणि शेवटी तापाने वारली, तर कागदावर उरतो फक्त ताप. अभिलेखागारात बसून गुडघेदुखीचा इतिहास शोधणाऱ्याची पहिली अडचण ही. आणि तोच पहिला निष्कर्षही: जे मोजलं जात नाही, त्याच्यासाठी कुणी काही उभारत नाही.

वाट पाहावी असं काही नव्हतंच

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. माझ्या पणजीला गुडघ्याच्या ऑपरेशनची वाट पाहता आली नसती, कारण तेव्हा तसं ऑपरेशनच नव्हतं. दुखणं म्हणजे वय, आणि वयावर उपाय म्हणजे शेक, तेल आणि सून.

प्रयत्न जुने आहेत. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या सर्जनने १८९० च्या सुमारास हस्तिदंताचा बिजागरीसारखा गुडघा बसवून पाहिला. रुग्ण क्षयाने सांधा कुजलेले होते. जंतुसंसर्गाने ते सांधे टिकले नाहीत. १९५० च्या दशकात धातूच्या बिजागऱ्या आल्या. पण आपला गुडघा दाराच्या बिजागरीसारखा नुसता उघडत-मिटत नाही. तो वाकताना घसरतो आणि थोडा वळतोही. त्यामुळे बिजागऱ्या हाडातून सैल व्हायच्या. जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये खुब्यासाठी धातू, प्लास्टिक आणि हाडाचं सिमेंट यांचा मेळ जमवला, आणि तीच वाट गुडघ्याकडे वळली.

१९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी'त जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि चित्तरंजन रानावत यांच्या गटाने 'टोटल कॉन्डिलर' गुडघा वापरात आणला. आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच घराण्यातले. यातले रानावत भारतात जन्मलेले, इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले.

म्हणजे गुडघेदुखीवाल्या माणसाचं 'थांबणं' जेमतेम पन्नास वर्षांचं आहे. त्याआधी लोक सोसायचे. सोसणं आणि थांबणं यात फरक आहे. थांबणाऱ्याला माहीत असतं की पलीकडे काहीतरी आहे.

पंतप्रधानांचा गुडघा

आपल्याकडे घरोघरी ही शस्त्रक्रिया माहीत झाली ती अटलबिहारी वाजपेयींमुळे. सप्टेंबर २००० मध्ये ते अमेरिकेत होते. गुडघ्याच्या त्रासामुळे दौऱ्यातले कार्यक्रम कमी करावे लागले, तरी १४ सप्टेंबरला अमेरिकी काँग्रेससमोर त्यांचं भाषण झालं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रशियाचे अध्यक्ष पुतिन दिल्लीत येऊन गेले. त्यानंतर १० ऑक्टोबरला मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात वाजपेयींचा डावा गुडघा बदलला. शस्त्रक्रियेचं नेतृत्व रानावत यांच्याकडे होतं. उजवा गुडघा जून २००१ मध्ये झाला, आणि पुढच्याच महिन्यात आग्र्याची शिखर परिषद.

तारखा ओळीने मांडल्या की काय दिसतं? देशाच्या पंतप्रधानांचा गुडघासुद्धा कामाच्या वेळापत्रकात बसवावा लागला. आधी दौरा, मग पाहुणे, मग ऑपरेशन. आमच्या आईचंही तेच: आधी निंदण, मग वेचणी, मग पाहू. फरक इतकाच की त्यांचं काम त्यांच्यासाठी थांबू शकत होतं. पऱ्हाटीवर फुटलेला कापूस कुणासाठी थांबत नाही. अवकाळी पाऊस आला की तो भिजतो आणि भाव पडतो.

एका घरातले दोन गुडघे

वणी म्हटलं की कापूस आणि कोळसा. उकणी, निलजई, राजूर ही नावं इथल्या प्रत्येकाला पाठ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली, आणि खाणीतला कामगार सरकारी कंपनीचा नोकर झाला. पगार, रजा, दवाखाना, सगळं नियमात आलं.

आमचे मोठे बाबा भूमिगत खाणीत होते. त्यांचाही गुडघा गेला. पण त्यांच्या दुखण्याला कागद होता. सिक लिव्ह होती, कंपनीचा डॉक्टर होता, हलक्या कामाचा अर्ज होता. निवृत्तीनंतरही वैद्यकीय योजना होती. आईने आयुष्यभर उकिडवं बसून निंदण केलं, खुरपी घेऊन, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, चिखलात. तिच्या दुखण्याला कागद नाही. एकाच ओसरीवर दोघं बसतात, दोघांचे गुडघे सारखेच वाजतात.

तरी खाण कामगाराला सगळं मिळालं असं समजू नका. ब्रिटनमध्ये गुडघ्यावर रांगत कोळसा काढणाऱ्यांच्या गुडघ्याला सूज यायची. तिला ते 'बीट नी' म्हणत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ती भरपाईच्या कायद्यात आली. पण गुडघ्याची कायमची झीज? ती खाण कामगारांचा व्यवसायजन्य आजार म्हणून तिथे २००९ मध्ये मान्य झाली, भूमिगत कामाची किमान १० वर्षं अशी अट घालून. तोवर तिथल्या बहुतेक खाणी बंद पडल्या होत्या! आपल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत गुडघ्याची झीज नव्हती.

अवजारांचंही असंच. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना आखूड दांड्याचं कुदळं वापरायला लावायचे. दिवसभर वाकून पाठी मोडायच्या. मजुरांच्या लढ्यानंतर १९७५ मध्ये ते बंद झालं. आपल्याकडे दोन तासांमधली जागा बैल डवऱ्याने साफ करतो आणि माणूस मागे उभा चालतो. झाडाच्या बुडाशी उरलेलं तण मात्र खुरपीने काढायचं, बसून. आणि ते काम बहुतेक बायांचं. कोणतं अवजार कुणाच्या हातात जातं, त्यावर कुणाचा कोणता सांधा जाणार हे ठरतं. प्रबंधातलं माझं म्हणणं थोडक्यात हेच.

भाव आणि यादी

ब्रिटनमध्ये थांबणाऱ्यांची सरकारी यादी असते. ठरवून दिलेल्या १८ आठवड्यांत उपचार सुरू झाले नाहीत की बातमी होते. आपल्याकडे लोक थांबतात ते यादीसाठी कमी, पैशासाठी जास्त. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत साधारण दीड लाखांवरून कर सोडून ५४,७२० रुपयांवर आली. मोठा बदल होता. पण किंमत बांधली ती वस्तूची. शंभर किलोमीटरवरच्या शहरात राहणं, सोबतचा माणूस, बुडालेली मजुरी, नंतरचा व्यायाम, यांना कुणी मर्यादा घालत नाही.

तोवर काय?

मी डॉक्टर नाही, इतिहासवाली आहे. फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं आणि आम्ही घरात केलेलं तेवढं लिहिते.

दुखतं म्हणून हलणं बंद केलं की मांडीचा स्नायू आटतो, आणि भार थेट सांध्यावर येतो. म्हणून आई रोज खाटेवर पडून पाय सरळ ठेवून उचलते. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. आई एक वर्ष चुकीच्या हातात धरत होती. दोन्ही गुडघे दुखत असतील तर जास्त दुखणाऱ्याच्या उलट बाजूला. संडासात खुर्ची आणली, चूल ओट्यावर घेतली. वेचणी उभ्याने होते, म्हणून ती करते, पण ओझं डोक्यावर घेत नाही. निंदण मात्र कायमचं बंद.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोळ्या. शेतात जाण्याआधी दुकानातून आणलेली एक लाल गोळी घ्यायची, ही इथली रीतच. पण अशा गोळ्या रोज, महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटाला आणि किडनीला बाधतात, आणि किडनी बिघडली की ऑपरेशनच अडतं. सांध्यात इंजेक्शन घेतलं असेल तर सर्जनला तारखेसह सांगा. ते ऑपरेशनच्या फार जवळ असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

हे सगळं आईला समजावताना ती म्हणाली, "तुह्या पुस्तकात माह्या गुडघ्याचं लिवशीन का वं?" मी म्हटलं, लिहीन.

शेवटचा वेचा झाला की मार्चमध्ये तारीख घ्यायची असं ठरलंय. आधी उजवा. माझ्या वहीत मी एक नवा रकाना आखलाय: कोण थांबलं, किती दिवस, आणि कशासाठी. तुमच्या घरात आजी-आईने अशी वर्षं कशी काढली ते आठवत असेल, तर मला कळवा. नाव नको, काम काय होतं तेवढं सांगा.