वाट द्या! बंबाच्या घंटेपासून निळ्या दिव्यापर्यंत

‘बंब’ हा शब्द आपण मुंबईहून बरोबर आणला खरा, पण या देशात तो वापरायला फारसा वाव मिळाला नाही. पोर्तुगीजांच्या ‘बोंबा’पासून, म्हणजे पाणी उपसण्याच्या पंपापासून, तो मराठीत आला. न्हाणीतला पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब आणि रस्त्यावरून घणघणत जाणारा आगीचा बंब हे दोघे नावाने भाऊभाऊच. भायखळा, उमरखाडी, मझगाव या भागांत ज्या आपल्या कुटुंबांनी दिवस काढले त्यांना आगीच्या बंबाची ओळख करून द्यायला नको. अग्निशमन दलाचे मुख्य ठाणे भायखळ्यालाच आहे. लाल रंग, पितळी घंटा आणि घंटा ऐकताच कडेला सरकणाऱ्या गाड्या असे ते चित्र. त्या घंटेचा व त्या रंगाचा इतिहास मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

एकोणिसाव्या शतकात लंडनचे बंब घोडे ओढीत, आणि वाट मोकळी करण्याचे साधन म्हणजे माणसाचा गळा! बंबावर बसलेले जवान ‘हाय, या, हाय’ असे ओरडत जात. घंटा आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. भोंग्याचा जन्म तर रस्त्यावर झालाच नाही. १८१९ साली कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ध्वनीची कंपने मोजण्यासाठी भोके पाडलेल्या चकतीचे एक यंत्र केले. ते पाण्याखालीही वाजत असे, म्हणून ग्रीक पुराणांतल्या जलकन्यांवरून त्याला ‘सायरन’ नाव मिळाले. त्या जलकन्या गोड गाऊन खलाशांना खडकावर नेऊन बुडवीत. जीव वाचवावयास धावणाऱ्या गाडीला हे नाव चिकटावे ही मौजच म्हणावयाची.

आवाजाची अडचण अशी की तो ऐकू येतो, पण कोठून येतो ते चटकन कळत नाही. डाव्याउजव्याचा निवाडा आपले दोन कान बरा करतात. पुढे की मागे यात मात्र ते फसतात, आणि उंच इमारतींवर आदळून परत येणारा आवाज त्यांना आणखी चकवितो. त्यात आता मोटारीच्या काचा बंद, थंड हवेचे यंत्र चालू आणि गाणीही चालू. या देशात आणखी एक भानगड आहे. वरखाली होणारा भोंगा हाच येथे हवाई हल्ल्याचाही इशारा. ज्यांनी १९७३ आणि १९९१ चे दिवस पाहिले त्यांच्या छातीत रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकूनही क्षणभर धस्स होते, आणि तो क्षण गाडी चालविणाऱ्याला महाग पडतो.

आता रंगाचे पाहू. तांबडा रंग भडक, म्हणून तो दुरून दिसतो, अशी आपली समजूत. पण बोहेमियाचे शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८२५ सालीच लिहून ठेवले की उजेड कमी होऊ लागला की तांबडा रंग प्रथम काळवंडतो आणि निळा-हिरवा मात्र टिकून राहतो. कोणीही दिवेलागणीला कुंडीतील लाल फूल व त्याचे हिरवे पान पाहावे, म्हणजे पटेल. भर दिवसा आपला डोळा पिवळसर हिरव्याला सर्वांत तरतरीत असतो. तरीही जगभर बंब शंभर वर्षे लालच राहिले, कारण ते लाल होते!

अमेरिकेत स्टीफन सॉलोमन या नेत्रतपासनिसाने, जे स्वतः स्वयंसेवक अग्निशामक होते, या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. डॅलस शहराच्या दलात काही बंब लाल-पांढरे व काही लिंबासारखे पिवळे-पांढरे असे दोन्ही होते. १९८४ ते १९८८ या काळातील तेथील अपघातांचा हिशेब त्यांनी एका सहकाऱ्यासह १९९५ साली प्रसिद्ध केला. बंब न दिसल्यामुळे होणाऱ्या टकरींचा धोका लाल बंबांना सुमारे तिप्पट असू शकतो, असे त्यात निघाले. म्हणजे प्रश्न संपला काय? नाही. लिंबू रंगाची गाडी दिसली, तरी ‘हा बंब आहे’ असे लोकांच्या मनात लगेच येईना, आणि काही शहरे पुन्हा लाल रंगाकडे वळली. दिसणे वेगळे आणि ओळखू येणे वेगळे. सगळी गोम येथेच आहे असे आम्हांस वाटते. ब्रिटनच्या पोलिसांनी १९९० नंतर निळ्यापिवळ्या चौकटींचा पट्टा काढला आणि तेथील रुग्णवाहिकांनी हिरवापिवळा, तो या दोन्ही गरजा भागविण्यासाठी.

निळ्या दिव्याची जन्मकथा आपल्याला विचारात पाडील. हा दिवा जर्मनीत १९३०च्या दशकाच्या अखेरीस नियमात आला. विमानांना वरून दिसू नये, म्हणून अंधारबंदीच्या तयारीत निळा पसंत केला असे त्याचे कारण सांगतात. ती राजवट धुळीस मिळाली. दिवा राहिला आणि अर्ध्या जगात पसरला.

ओळख बिघडते कशी, याची दोन उदाहरणे आपल्या दोन्ही देशांत आहेत. भारतात मंत्री व साहेबलोकांच्या मोटारींवर लाल दिवा इतका बोकाळला की दिवा म्हणजे संकट हे लोक विसरले. दिवा म्हणजे रुबाब! अखेर १ मे २०१७ पासून तो उतरविण्यात आला. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे कलमच घातले. इस्राएलमध्ये पोलिसांच्या गस्तीच्या गाड्या निळा दिवा लावूनच फिरतात. नवा आलेला मनुष्य आरशात तो पाहून घाबरतो, गाडी बाजूस घेतो, पोलीस शांतपणे निघून जातात. दहा वेळा असे झाले की अकराव्या वेळी तो दिव्याकडे पाहतच नाही, आणि तेव्हाच मागे १०१ वर बोलाविलेली मागेन दाविद अदोमची गाडी असते. येथे नुसत्या दिव्यावर न थांबता भोंगा वाजतो आहे काय, मागून येणाऱ्याला घाई आहे काय, हे पाहावे लागते. आपल्या तरुणांना गाडी शिकविताना हे आवर्जून सांगावे.

बंद पडलेली गाडी सोडून रस्त्यावर उतरणाऱ्याने घालावयाचे पिवळे चकाकते जाकीट येथे प्रत्येक मोटारीत असावेच लागते. त्याला हिब्रूत ‘एफोद’ म्हणतात. अहरोन कोहेनच्या वस्त्रांतला एफोद आपण पेराशात वाचतो, तोच शब्द. तो सोने आणि निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचा होता. म्हणजे दिसण्याच्या बाबतीत तोही काही कमी नव्हता.

वर्षातून एक दिवस येथे भोंग्याला कोणी गाडीवाला आड येत नाही. आपल्या वाडवडिलांनी कोकणात ज्याला दारफाळणीचा सण म्हटले, त्या किप्पूरच्या दिवशी रस्ते ओस पडतात आणि बहुतेक रुग्णवाहिकाच काय त्या धावतात. त्या दिवशी हमरस्त्यावर सायकली घेऊन उतरलेल्या मुलांमधून त्यांना वाट काढावी लागते.